कोथिंबीर, ढेकूण आणि अकरावं गुणसूत्र

वाचक विचारतात

प्रश्न : माझ्या सुनेला कोथिंबीर चालत नाही. पोहे असोत, आमटी असो, वर कोथिंबीर भुरभुरवली की ती पानन् पान वेचून ताटाच्या कडेला काढते. म्हणते, "आई, मला साबण खाल्ल्यासारखं लागतं." आमच्याकडे मंडईत गेलं की पिशवीत पहिली कोथिंबिरीची जुडी पडते. चार पाहुण्यांसमोर ती ताट निवडत बसते ते मला बरं दिसत नाही. मुलगा म्हणतो, हे जनुकामुळे होतं. त्याला कुणीतरी मोबाइलवर तसं पाठवलंय. खरंच असं काही असतं, की हे खाण्याचे नखरे? त्यात आता चार वर्षांचा नातूही पानं वेचायला लागलाय. त्याच्यात ते जनुक आलंय, की तो आईचं बघून करतो? याची तपासणी कुठे होते का?
— एक सासूबाई, वाई

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि बराच वेळ हातात धरून बसले. माझ्या थोरल्या बहिणीची आठवण झाली. अक्का म्हणायचो आम्ही तिला. साठच्या दशकातली गोष्ट आहे. आजीच्या घरी पंगत बसली होती, दारावरून आलेले दोन पाहुणे जेवायला होते, आणि सात-आठ वर्षांची अक्का भर पंगतीत म्हणाली, "आमटीला ढेकणांचा वास येतोय."

त्या काळी घरोघरी ढेकूण असायचे. पलंगाच्या फटीत, गादीच्या शिवणीत, भिंतीवरच्या तसबिरीमागे. दर उन्हाळ्यात पलंग अंगणात काढून उकळतं पाणी ओतायचं, रॉकेलचा बोळा फिरवायचा. पण पाहुण्यांसमोर ढेकणाचं नाव काढणं म्हणजे घरच्या बाईच्या स्वच्छतेवर बोट ठेवणं. आजीला ते फार लागलं. पाहुणे गेल्यावर अक्काला पाठीत धपाटा बसला आणि ती वाटीभर आमटी संपेपर्यंत तिला पाटावरून उठू दिलं नाही. ती रडत होती आणि एकेक घोट पाण्याबरोबर गिळत होती. मी तिच्याहून तीन वर्षांनी लहान. पण ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून कधी गेलं नाही. पुढे तिने बोलणंच सोडलं. लग्न होऊन गेल्यावर सासरी कोथिंबीर गोळीसारखी गिळायची, चावायची नाही.

तिच्याविरुद्ध सगळ्यांकडे एक पुरावा होता. धने तिला आवडायचे. धन्याजिऱ्याची पूड तिला भाजीत जास्तच लागायची, आणि आजी धने भाजायला बसली की ती चुलीजवळ जाऊन वास घेत बसायची. "धने आणि कोथिंबीर एकाच रोपाची. धने चालतात आणि पाला चालत नाही, म्हणजे सोंगच की!" असं आई म्हणायची, आत्या म्हणायची, पुढे तिच्या सासूबाईही म्हणाल्या. मी बत्तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, आणि तरी बराच काळ मलाही ते पटत होतं.

आता रसायनशास्त्र काय सांगतं ते पाहा. कोथिंबिरीच्या पानाचा वास प्रामुख्याने अल्डिहाईड नावाच्या रेणूंचा असतो: डेकॅनाल, डेसेनाल, डोडेसेनाल अशी त्यांची नावं. दहा-बारा कार्बनची साखळी आणि तिच्या टोकाला ऑक्सिजनची एक गाठ. साबणाला आणि धुण्याच्या पावडरीला वास देताना याच कुळातली द्रव्यं वापरतात, त्यामुळे तुमची सून "साबण" म्हणते ते शब्दशः बरोबर आहे. आणि ढेकूण चिरडल्यावर जो वास सुटतो, तोही याच कुळातल्या, थोड्या आखूड साखळीच्या रेणूंचा: हेक्सेनाल आणि ऑक्टेनाल. कोथिंबिरीच्या इंग्रजी नावाचं मूळ ग्रीक भाषेतल्या ढेकणाच्या शब्दाशी जोडलं जातं ते याच वासामुळे. सात वर्षांच्या माझ्या बहिणीला हे काहीच ठाऊक नव्हतं. तिला जो वास आला, तो तिने सांगितला.

आणि धने? रोपावरचे हिरवे कोवळे धने चुरडून पाहिलेत तर त्यांना पाल्याचाच उग्र दर्प येतो. ते पिकून वाळले की अल्डिहाईडं ओसरतात आणि लिनालूल नावाचा वेगळाच, फुलासारखा गोडसर वास वर येतो. वाळलेल्या धन्याच्या तेलात निम्म्याहून जास्त वाटा त्या एकट्याचा असतो. म्हणजे अक्काला धने आवडत आणि पाला सोसत नसे, ही तिच्या खरेपणाचीच खूण होती. सोंग करणाऱ्या मुलीने दोन्ही नाकारले असते. जो पुरावा तिच्या तोंडावर फेकला जायचा, तो तिच्याच बाजूचा होता.

हे सगळं जुळवून कळेपर्यंत २०१२ उजाडलं. अक्का त्याच्या तीन वर्षं आधी गेली.

आता जनुकाचं. तुमच्या मुलाला मोबाइलवर आलेल्या मजकुरात 'ओआर ६ए२' असं नाव असेल. 'ओआर' म्हणजे ऑल्फॅक्टरी रिसेप्टर, आपण गंधग्राहक म्हणू. ६ हे कुळ, ए हे उपकुळ, २ हा त्यातला क्रमांक. मोठ्या वाड्यात राहणाऱ्या घराण्याचं नाव, चौक आणि खोली सांगावी तसंच. गुणसूत्र म्हणजे पेशीतली जनुकांची लांब दोरी, आणि हे जनुक आपल्या अकराव्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवर आहे. गंधग्राहकांच्या जनुकांची सगळ्यात दाट वस्ती याच गुणसूत्रावर आहे.

त्या जनुकात एका प्रथिनाची कृती लिहिलेली आहे. तीनशेहून थोडी जास्त अमिनो आम्लं एकापुढे एक ओवलेली, आणि ती माळ पेशीच्या पातळ पडद्यातून सात वेळा आरपार गेलेली. कापडावर धावदोरा घालताना सुई वर-खाली, वर-खाली जाते ना, तसंच. या सात टाक्यांच्या मधोमध एक खोबण तयार होते. नाकाच्या अगदी वरच्या कोपऱ्यात, दोन डोळ्यांच्या मधल्या उंचीवर, ओलसर त्वचेचा एक छोटा पट्टा आहे. तिथे चेतापेशींचे, म्हणजे मेंदूला निरोप धाडणाऱ्या पेशींचे, बारीक केस शेंबडात तरंगत असतात आणि त्या केसांवर ही प्रथिनं बसलेली असतात. कोथिंबीर तोंडात गेली की तिचे रेणू घशाच्या मागून वर नाकात चढतात. एखादा रेणू त्या खोबणीत बसला की प्रथिन किंचित कूस बदलतं, पेशीच्या आत साखळीने चार कामं होतात, दारं उघडतात, विजेचा एक हिसका मेंदूकडे जातो. ओआर ६ए२च्या खोबणीत अल्डिहाईडं बसतात, हे प्रयोगशाळेत पाहिलं गेलेलं आहे.

२०१२ साली अमेरिकेतल्या ट्वेंटीथ्री-अँड-मी या जनुक तपासणाऱ्या कंपनीच्या संशोधकांनी यूरोपीय वंशाच्या १४,६०४ ग्राहकांना विचारलं, की तुम्हाला कोथिंबीर साबणासारखी लागते का. मग त्यांच्या जनुकांशी उत्तरं ताडून पाहिली. अकराव्या गुणसूत्रावर एका जागी जनुकीय मजकुरातल्या एका अक्षराचा फरक सापडला. एक अक्षर असलेल्यांना साबण लागण्याची शक्यता दुसऱ्यापेक्षा जास्त. ते अक्षर गंधग्राहकांच्या आठ जनुकांच्या झुपक्यात आहे आणि ओआर ६ए२ हे त्या आठांतलं एक.

इथे मोबाइलवरचा मजकूर आणि खरी गोष्ट यांत फरक पडतो, म्हणून थोडं थांबून सांगते. सापडलेलं अक्षर त्या झुपक्यातली एक खूण आहे. खुणेशेजारच्या आठ जनुकांपैकी ओआर ६ए२वर बोट ठेवलं गेलं, कारण अल्डिहाईड ओळखणं हे त्याचं कामच आहे. संशय रास्त आहे, मीही तोच धरते. पण "या जनुकामुळे कोथिंबीर साबण लागते" असं एका ओळीत ठोकून देणं चुकीचं आहे. शिवाय त्या खुणेचा जोर बेताचा आहे. त्याच संशोधकांच्या हिशेबाने, सर्वसाधारण जनुकीय फरकांमुळे ठरणारा वाटा दहा टक्क्यांच्याही आत भरतो. उरलेलं सगळं इतर जनुकं, सवय, लहानपणी काय खाल्लं आणि काय नाही, यांत वाटलेलं आहे. ते अक्षर असूनही कोथिंबीर आवडणारे कितीतरी आहेत.

सवयीचा भाग किती मोठा असावा, याचा अंदाज आणखी एका पाहणीतून येतो. त्याच वर्षी कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठात विशीतल्या तरुणांना कोथिंबिरीबद्दल विचारलं होतं. पूर्व आशियाई वंशाच्या २१ टक्के मुलांना ती नावडती, यूरोपीय वंशाच्या १७ टक्के, आणि आपल्या दक्षिण आशियाई वंशाच्या फक्त ७ टक्के. मला वाटतं, आपल्याकडे हा आकडा कमी असल्यामुळेच अशा माणसाचे हाल जास्त होतात. शंभरातल्या सात जणांवर विश्वास कोण ठेवतं? टोरांटोत अशी मुलगी "मला नको" म्हणून मोकळी होते. आपल्याकडे कोथिंबीर न घातलेलं जेवण पाहुण्यांपुढे ठेवायला घरच्या बाईला संकोच वाटतो, आणि राग मात्र निघतो पानं वेचणाऱ्यावर.

तेव्हा ताई, सून खोटं बोलत नाही, एवढं माझ्या शब्दावर माना. तिला नाकाने जे सांगितलं, ते ती तुम्हाला सांगते आहे. तुमच्या नाकाने तुम्हाला दुसरं सांगितलं. एकाच पानाबद्दल दोन्ही खरं आहे.

नातवाचं आजच काही ठरवू नका. प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. त्यामुळे त्याला आईची ती प्रत मिळालेली असू शकते. पण चार वर्षांचं मूल आईच्या ताटाकडे बघूनच जेवायला शिकतं, हेही तितकंच खरं. त्याला न सांगता, न खिजवता, कधी कोथिंबीर वडीचा तुकडा द्या. खाल्ला तर खाल्ला. तपासणीच्या मागे लागू नका. पैसे जातील, आणि जे उत्तर येईल ते सुनेने तुम्हाला फुकट दिलेलंच आहे.

आता स्वयंपाकघरातला एक उपाय. कोथिंबीर ठेचली की तिच्यातलीच विकरं (एन्झाइम) अल्डिहाईडांवर काम करायला लागतात आणि त्यांचं रूपांतर सौम्य वासाच्या अल्कोहोलांत करतात. म्हणून अख्ख्या पानापेक्षा वाटलेली, थोडी मुरलेली हिरवी चटणी अनेकांना सोसते. खलबत्त्यात मूठभर कोथिंबीर कुटा. वाटीत काढून लगेच एकदा हुंगा आणि झाकून ठेवून अर्ध्या तासाने पुन्हा हुंगा. माझ्या नाकाला फरक कळतो: आधी जो झणका येतो तो नंतर बसलेला असतो आणि खालून नुसता हिरवा वास येतो. हे सुनेलाच करायला सांगा, तिचं नाक तुमच्या-माझ्यापेक्षा या बाबतीत तयार आहे. उकळी फुटतानाच कोथिंबीर घातली तरी बरेचसे रेणू वाफेबरोबर उडून जातात. वडीतही तेच होतं. आधी वाफवायची, मग तळायची. कच्ची, वरून भुरभुरवलेली कोथिंबीर सगळ्यात उग्र. ती वेगळ्या वाटीत चिरून ताटांच्या मधोमध ठेवा, ज्याला हवी तो घेईल. पाहुण्यांसमोर ताट निवडण्याचा प्रश्नच उरणार नाही.

प्रश्न : मी बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गंधग्राहकाची जनुकं सुमारे चारशे असतात असं वर्गात सांगितलं. पण शरीराच्या प्रत्येक पेशीत सगळीच जनुकं असतात. मग नाकातल्या प्रत्येक पेशीवर चारशे प्रकारचे ग्राहक का नसतात? असते तर प्रत्येक पेशीला सगळेच वास आले असते, म्हणजे वेगळे ओळखताच आले नसते. आणि वास येणं एकाच जनुकावर पूर्ण ठरतं असं एखादं उदाहरण आहे का?
— विद्यार्थी, लातूर

उत्तर : शाब्बास. तुझ्या प्रश्नातच निम्मं उत्तर आहे, आणि ते तू स्वतः विचार करून काढलंस याचा मला फार आनंद झाला.

मी शिकवायला लागले तेव्हा 'घ्राणेंद्रिय' हा धडा पाऊण पानात संपायचा. नाकाचा छेद, चेतापेशीची आकृती, आणि शेवटी एक मोघम वाक्य. वास नेमका ओळखला कसा जातो हे पुस्तकात नव्हतं, कारण ते कुणालाच माहीत नव्हतं. डोळ्यांचं काम रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या ग्राहकांवर भागतं, म्हणून नाकातही मोजकेच असतील असं काहींना वाटायचं. १९९१च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांचा शोधनिबंध 'सेल' या नियतकालिकात आला. उंदराच्या जातीच्याच मोठ्या प्राण्याच्या, म्हणजे घुशीसारख्या दिसणाऱ्या रॅटच्या नाकातून त्यांनी आधी अठरा जनुकं वेगळी केली. सगळी एकमेकांची भावंडं शोभावीत अशी, तरी प्रत्येक वेगळं. आणि ही तर सुरुवात होती. सस्तन प्राण्यांत अशी हजाराच्या घरात जनुकं निघाली. एवढं मोठं जनुकांचं कुटुंब दुसरं नाही. दोघांना २००४ साली नोबेल मिळालं. तो निबंध आमच्या ग्रंथालयात यायला बरेच महिने लागले. आला त्या दिवशी मी पुढच्या तासाचा धडा बाजूला ठेवून मुलांना तोच वाचून दाखवला होता.

माणसात चालू स्थितीतली सुमारे चारशे आहेत आणि मोडकी, वाचता न येणारी त्याहून जास्त. वाड्याच्या बंद पडलेल्या खोल्या म्हण हवं तर. हत्तीत ही संख्या दोन हजारांच्या आसपास जाते.

आता तुझा मुद्दा. नाकातली एकेक चेतापेशी तयार होताना चारशेपैकी एकच जनुक उघडते आणि बाकी सगळी कुलूपबंद ठेवते. इतकंच नाही, त्या एकाच्याही दोन प्रतींपैकी, आईच्या किंवा वडिलांच्या, एकच प्रत वाचते. ज्या ज्या पेशींनी तेच जनुक निवडलंय त्या नाकभर विखुरलेल्या असतात, पण त्यांच्या तारा मेंदूच्या तळाशी असलेल्या गंधकंदात एकाच गाठीपाशी येऊन मिळतात. त्यामुळे कोणती गाठ पेटली यावरून मेंदूला कळतं की कोणता ग्राहक जागा झाला. एका रेणूने अनेक ग्राहक कमी-जास्त जागे होतात, आणि त्या सगळ्या गाठींचं मिळून जे चित्र उमटतं त्याला आपण 'मोगरा' किंवा 'रॉकेल' म्हणतो. पेटीवर एक सूर आणि पाच-सहा सुरांचा मेळ वेगळा ऐकू येतो, तशातला प्रकार. म्हणूनच चारशे ग्राहकांवर हजारो वास ओळखता येतात.

आणखी एक गोष्ट लिहून ठेव. बहुतेक जनुकांत प्रथिनाचा मजकूर तुकड्यातुकड्यांनी लिहिलेला असतो, मध्ये कापून टाकायचे भाग असतात. गंधग्राहकांच्या जनुकांत तो सलग असतो, साधारण हजार अक्षरांचा. परीक्षेत विचारतील न विचारतील, पण ज्याला हे जनुक प्रयोगशाळेत हाताळायचंय त्याच्या हे फार उपयोगी पडतं.

नाकातच का, असंही तुझ्या मनात येईल. यातली काही जनुकं इतर अवयवांतही उघडतात. ओआर ५१ई२ हे प्रोस्टेट ग्रंथीत सापडलेलं जनुक. त्याच्याच प्रथिनाची रचना २०२३च्या मार्चमध्ये 'नेचर'मध्ये छापून आली, रेणू खोबणीत बसलेला असतानाची. माणसाच्या कोणत्याही गंधग्राहकाचं इतकं स्पष्ट चित्र त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं. खोबणीत होता प्रोपिओनेट, चीजसारख्या आंबूस वासाचा. पहिल्या शोधापासून या चित्रापर्यंत बत्तीस वर्षं गेली, कारण ही प्रथिनं प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर नीट बसतच नाहीत. मी नोकरी केली तेवढीच ही वर्षं, म्हणून तो अंक उघडताना माझे हात थरथरले.

एका जनुकाचं उदाहरण विचारलंस. आहे. बीटा-आयोनोन नावाचा रेणू आहे, गुलाबाच्या तेलात थोडा, टोमॅटोत थोडा, आणि यूरोपातल्या जांभळ्या व्हायोलेट फुलात भरपूर. न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं, की तो ठळक जाणवतो की नाही हे जवळजवळ पूर्णपणे ओआर ५ए१ या एका जनुकावर, आणि त्यातल्या प्रथिनाच्या एकाच अमिनो आम्लाच्या बदलावर ठरतं. ज्यांना तो नीट जाणवतो ते त्याला फुलांचा म्हणतात. इतरांना तो जाणवलाच तर आंबट, झोंबरा वाटतो. याच पानावर वर कोथिंबिरीचं लिहिलंय ते याच्याशेजारी ठेवून वाच. तिथे जनुकाचा वाटा लहान, इथे जवळपास सगळा. 'वासाचं जनुक' हा शब्द कुणी सरसकट वापरला की विचारायचं: कोणता वास आणि कोणतं जनुक?

प्रश्न : आईला दोन वर्षांपूर्वी कोविड झाला. तेव्हा गेलेला वास अजून पूर्ण आला नाही. दूध उतू जाऊन करपलं तरी तिला कळत नाही. परवा गॅसचं बटण अर्धवट उघडं राहिलं होतं, मी घरी आले म्हणून निभावलं. तिचं वय ६८. ती म्हणते, आता वयच झालं, नाक गेलं ते गेलं. हेही जनुकाचंच का?
— नोकरी करणारी मुलगी, डोंबिवली

उत्तर : नाही, हे वेगळं आहे, आणि आधी गॅसचं बोलू. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं उग्र, कुजकट वासाचं द्रव्य मुद्दाम घालतात. म्हणजे तुमच्या घराची राखण आईच्या नाकावर सोपवलेली आहे आणि ते नाक सध्या कामावर नाही. गळती झाली की वाजणारं यंत्र बाजारात मिळतं, ते या आठवड्यात बसवा. आपला गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, त्यामुळे यंत्र खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर लावा. रात्री रेग्युलेटर बंद करायची सवय लावा. शिळं अन्न आईने वासावर ठरवू नये. डब्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवा.

कोथिंबिरीच्या बाबतीत एखाद्या ग्राहकाचा फरक असतो, बाकी नाक शाबूत असतं. कोविडमध्ये जनुकं जागच्या जागी असतात. विषाणू मुख्यतः चेतापेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींमध्ये शिरतो. त्या कोसळल्या की चेतापेशींचं काम थंडावतं. पण आपल्या नाकातल्या या चेतापेशी जन्मभर नव्याने तयार होत राहतात. शरीरात चेतापेशींना अशी मुभा फार थोड्या ठिकाणी आहे. नवी पेशी उगवते, आपलं एक जनुक निवडते, आणि तिची तार योग्य गाठीपर्यंत पोहोचावी लागते. या कामाला वेळ लागतो, आणि ६८व्या वर्षी थोडा जास्त लागतो.

कान-नाक-घसा तज्ज्ञांना एकदा दाखवाच. नाकात मांस वाढलेलं नाही ना, हे त्यांनी पाहायला हवं. त्याच्या जोडीला वासाचा सराव. जर्मनीतल्या ड्रेस्डेन इथल्या डॉक्टरांनी २००९ साली तो मांडला: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग, हे चार वास रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायचे, निदान बारा आठवडे. चारही आपल्या घरात असतात. चार छोट्या बाटल्या घ्या, कापसावर थेंबभर निलगिरी तेल, गुलाबाचं अत्तर. लवंगा ठेचून, लिंबाची साल खरवडून, आणि ही दर दोन दिवसांनी ताजी. एकेक बाटली वीस सेकंद, घाई न करता. आईला डोळे मिटून तो वास पूर्वी कसा होता ते आठवायला सांगा: लवंगेला दाढदुखीचा बोळा, लिंबाला उन्हाळ्यातलं सरबत. पहिले काही आठवडे काहीच कळणार नाही, तेव्हा तुम्ही शेजारी बसा. बहुतेक जण कंटाळून याच टप्प्यावर सोडतात.

सुधारणेच्या वाटेवर वास विचित्रही लागू शकतात, कॉफी जळक्या रबरासारखी, कांदा कुजका. नव्या तारा अजून आपापल्या गाठी शोधत असताना असं होतं. आईची लवंग एखाद्या सकाळी लवंगेसारखी न लागता करपलेली लागली, तर घाबरू नका, बाटली फेकू नका, आणि मला कळवा.